गड माथ्यावर, पोट पायथ्याशी : पाचाडची साडेतीनशे वर्षे

१/ रायगडाचा इतिहास सांगताना नजर नेहमी माथ्यावर खिळते. बदलत्या काळाशी जुळवून घेण्याची परीक्षा मात्र पायथ्याच्या पाचाडला वारंवार द्यावी लागली. #धागा

२/ १६५६ मध्ये जावळीच्या मोऱ्यांकडून रायरी स्वराज्यात आली. पुढे हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली तेथे राजधानी उभी राहिली. तुटलेले कडे आणि अवघड वाट हेच तिचे मोठे संरक्षण होते.

३/ परंतु गडावरची थंड, दमट हवा जिजाऊसाहेबांना मानवेना, म्हणून पाचाडला त्यांचा वाडा बांधला गेला. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला आणि अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून रोजी, याच गावी त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी येथेच आहे.

४/ राजधानी वर असली, तरी तिचे पोट खाली होते. सावित्रीच्या खाडीने महाडला आलेला माल गडावर चढवायचा, तर पायथ्याशी माणसे, जनावरे आणि मुक्कामाची सोय हवीच.

५/ १६८९ मध्ये रायगड मुघलांकडे गेला आणि १७३३ मध्ये परत मिळाला. तोवर सत्तेचे केंद्र सातारा आणि पुणे येथे सरकले होते. गड परतला, राजधानी परतली नाही.

६/ मे १८१८. कर्नल प्रॉथरच्या फौजेने गडावर तोफगोळ्यांचा मारा केला. राजवाडा आगीत भस्मसात झाला आणि १० मे रोजी गड इंग्रजांच्या हाती पडला. कडे तेच होते. युद्धाचे तंत्र बदलले होते.

७/ १९९६ मध्ये हिरकणीवाडीहून रोपवे सुरू झाला. सुमारे दीड हजार पायऱ्यांची चढण काही मिनिटांवर आली. २०२५ मध्ये रायगडासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. ज्या पायथ्याने कधी राजधानी पोसली, तो आता पर्यटकांवर विसंबू लागला.

८/ निसर्गही स्थिर नाही. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड पाण्याखाली गेले आणि याच तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली.

९/ कड्यांच्या भरवशावर राहिलेली राजधानी नव्या तोफांपुढे टिकली नाही. एकाच आधारावर विसंबण्याचा धोका आज पायथ्यालाही आहे. म्हणून वारशाच्या जतनात तटबुरुजांइतकीच खालच्या वाड्यांची, त्यांच्या उतारांची आणि उपजीविकेची काळजी मोजली गेली पाहिजे.