सुहैली : मुंबईत बांधलेली होडी

आपल्या परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. गोदावरी, पूर्णा, दुधना हेच आपले पाणी. तरीही आज एका होडीची गोष्ट सांगावीशी वाटते, कारण तिचे नाव माझ्या घरच्या भाषेतले आहे आणि ती घडली आपल्या मुंबईत. ‘सुहैली’ तिचे नाव.

इराणच्या आखातातील एका वाऱ्याला अरब खलाशी सुहैली म्हणतात. सुहैल हा मूळचा तारा. आपण त्यालाच अगस्ती म्हणतो. तो उगवला की अरबस्तानात उन्हाळा सरत आल्याचे मानतात, तर आपल्याकडे पावसाळा. पुराणातल्या अगस्तींनी तर अख्खा समुद्र पिऊन टाकला होता!

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण इंग्रज दर्यावर्दी ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या नोकरीत होता. त्याने १९६०च्या दशकात मुंबईत ही होडी बांधून घेतली. लांबी अवघी ३२ फूट, लाकूड सागवानी. कारागिरांनी वाकस आणि सामता अशा पिढीजात हत्यारांनी ती घडवली. पुढच्यासारखीच मागची बाजूही निमुळती, त्यामुळे पाठीमागून येणारी लाट दुभंगून जाई.

१४ जून १९६८ रोजी तो इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून एकटाच निघाला. कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची, अशी ती गोल्डन ग्लोब शर्यत होती. नऊ जण उतरले. वाटेत होडीत पाणी शिरू लागले, तेव्हा भर समुद्रात बुडी मारून त्याने फटी बुजवल्या. सप्टेंबरमध्ये दक्षिण महासागरात होडी लाटेच्या तडाख्याने आडवी झाली आणि केबिनच्या कडेने भेगा पडल्या. पुढे पाण्याच्या टाक्या खराब झाल्या, रेडिओ बंद पडला, आपोआप सुकाणू सांभाळणारी यंत्रणा मोडली.

अशा वादळात लहान होडीला खरा धोका वाऱ्यापेक्षा लाटेचा. होडी लाटेला आडवी सापडली की उलटलीच. लाटेबरोबर वेगाने घसरत गेली, तरी सुकाणूला जुमानत नाही आणि गर्रकन आडवी होते. म्हणून शिडे जवळजवळ सगळी उतरवायची आणि मागून लांबलचक जाड दोर पाण्यात सोडायचा. दोराच्या ओढीने वेग आवरतो आणि होडीची पाठ लाटेकडे राहते. नॉक्स-जॉन्स्टनने तेच केले. आपला शेतकरी उतारावर भरल्या गाडीला मागून दोर लावून आवरतो, तसाच हा प्रकार. वादळाशी झुंजायचे नाही, त्याला वाट द्यायची. पण स्वतःची दिशा सोडायची नाही.

२२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, तो फाल्मथला परतला. नऊ जणांपैकी शर्यत पुरी करणारा तो एकटाच. स्पर्धक डोनाल्ड क्रोहर्स्ट समुद्रातच गेला होता. बक्षिसाचे ५,००० पौंड नॉक्स-जॉन्स्टनने त्याच्या कुटुंबाला देऊन टाकले.

पन्नास वर्षांनी, २०१८ मध्ये, ती शर्यत पुन्हा झाली. गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात सुहैलीच्याच धर्तीवर ‘थुरिया’ बांधली गेली आणि भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी ती घेऊन निघाले. २१ सप्टेंबरला हिंदी महासागरातील वादळात तिची डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर इजा झाली. तीन दिवस ते जागेवरून हलू शकत नव्हते. ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने २४ तारखेला त्यांना वाचवले. हेच टॉमी २०२२ च्या शर्यतीत पुन्हा उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले.

म्हणजे चांगली होडी, चांगला खलाशी असूनही समुद्र कुणाची हमी देत नाही. पण थुरियाची डोलकाठी गेली, तरी तिचे अंग तरंगत राहिले. आणि आत पडलेला माणूस जगला तो त्या अंगाच्या भरवशावर. इतिहासात कप्तानाचे नाव ठळक लिहिले जाते, ते योग्यच. मात्र मुंबईच्या त्या सुतारांनी सागवानाच्या फळ्या नीट सांधल्या नसत्या, तर लिहायला कप्तान उरला असता का, याचाही विचार आपण करायला हवा.