तेराव्या वर्षी काय शिकावे? जोतीराव फुले ते पाबळ : एक लांबलेला प्रश्न

१/ सहावी, सातवी आणि आठवी. वय अकरा ते चौदा. या तीन वर्षांत मुलाने नेमके काय शिकावे, हा प्रश्न आज अभ्यासक्रम समित्यांचा वाटतो. परंतु महाराष्ट्रात त्यावर गेली दीडशे वर्षे वाद चालू आहे. त्यातील सर्वांत जुने आणि सर्वांत यशस्वी उत्तर, दोन्ही पुणे जिल्ह्यात मिळाली. त्या दोन उत्तरांमधील अंतराची ही कथा. #थ्रेड

२/ प्रथम या वयाचे महत्त्व. जुन्या मुंबई इलाख्यात सातवीला प्राथमिक शाळा संपत असे आणि तेथे 'व्हर्नाक्युलर फायनल' ही परीक्षा असे. लोक तिला नुसते 'फायनल' म्हणत. फायनल झालेला मुलगा प्राथमिक शिक्षक वा तलाठी होऊ शके. हायस्कूल तालुक्याच्या गावी, तेही सर्वत्र नव्हे. म्हणजे खेड्यातील बहुतेकांसाठी सातवी हाच शिक्षणाचा शेवट होता. सातवीपर्यंत जे शिकवले नाही, ते शाळेत कधीच शिकायला मिळणार नव्हते.

३/ १८८२ साली सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोग पुराव्यासाठी निवेदने मागवीत होता. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी त्यास निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे असावे, ही त्यातील मागणी प्रसिद्ध आहे. शेतसारा भरणारा रयत आणि त्या पैशाचा लाभ मात्र उच्चशिक्षण घेणाऱ्या थोड्यांना, हा त्यांचा आक्षेपही आपण वाचलेला असतो. त्याच निवेदनात अभ्यासक्रमही सुचवलेला आहे. त्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

४/ फुल्यांची यादी अशी : मोडी व बालबोध लिपींचे वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, सामान्य भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांवरील काही पाठ. खेड्यातील शाळेत विषय शहरापेक्षा कमी असले तरी चालतील. पण ते कमी व्यवहारोपयोगी नसावेत, असे ते बजावतात. शेतीचे धडे प्रत्यक्ष देता यावेत म्हणून शाळेला जोडून लहानसे नमुना शेत असावे, अशीही त्यांची सूचना आहे.

५/ ही यादी नीट पाहावी. मोडी कशासाठी? कारण खते, गहाणपत्रे, सावकाराचे व्यवहार मोडीत लिहिले जात. ज्याला मोडी वाचता येत नाही, त्याला आपण कशावर अंगठा उठवतो हेच कळत नसे. हिशेबाची गरजही त्याच दारात उभी होती. पण केवळ पोटापुरती ही यादी नाही. इतिहास आहे, भूगोल आहे, व्याकरणही आहे. शेतकऱ्याच्या मुलाला 'तुला एवढेच पुरे' असे ती सांगत नाही.

६/ आणि आता त्या निवेदनातील सर्वांत धारदार भाग. शिक्षक कसा असावा? तो प्रशिक्षित असावा आणि शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, असे फुले म्हणतात. प्रसंगी नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची ज्याला लाज वाटणार नाही आणि जो खालच्या थरांतील लोकांत सहज मिसळेल, असा तो हवा. (वाकस म्हणजे लाकूड तासण्याचे हत्यार.) हे लिहिणारा माणूस स्वतः बांधकामाची कंत्राटे घेणारा होता. कारागिराचे काम त्याने जवळून पाहिले होते.

७/ अभ्यासक्रमाचा प्रश्न फुल्यांनी येथे शिक्षकाच्या हातांपाशी आणून ठेवला. पुढील दीडशे वर्षांत अनेक आयोगांनी विषयांच्या याद्या केल्या. त्या वाईट नव्हत्या. पण वाकस धरणारा मास्तर कुठून आणायचा, या प्रश्नाशी त्यांपैकी बहुतेक अडखळल्या. पुढील कथा हाच धागा धरून वाचावी.

८/ दुसरा टप्पा : वर्धा, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि अभ्यासक्रम आखण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली. सात ते चौदा वयाच्या मुलांसाठी सात वर्षांचे मोफत शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेले. हीच 'नई तालीम'. तिची पहिली मोठी परिषद ऑक्टोबर १९३९ मध्ये पुण्यात झाली.

९/ समितीने दिवसाचे वेळापत्रकही दिले होते. शाळा साडेपाच तास. त्यांपैकी ३ तास २० मिनिटे हस्तोद्योग. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटे. मातृभाषा ४० मिनिटे. समाजशास्त्र व सामान्य विज्ञान मिळून ३० मिनिटे. व्यायाम १० आणि सुट्टी १० मिनिटे. सूत कातताना गणित, कापसावरून भूगोल, चरख्यावरून यंत्रशास्त्र : विषय वेगळे शिकवायचेच नाहीत, ते कामातून उमलले पाहिजेत, ही कल्पना.

१०/ कल्पना भव्य होती, पण तिच्यात दोन अडचणी होत्या. पहिली शिक्षकाची. तकलीवरून त्रैराशिक शिकवायचे, तर शिक्षकाला तकली आणि त्रैराशिक दोन्ही उत्तम यायला हवेत. असे शिक्षक हजारोंनी नव्हते. परिणामी पुष्कळ ठिकाणी सूतकताई उरली आणि त्यातून उमलायचे विषय मात्र उमललेच नाहीत.

११/ दुसरी अडचण खोल होती. ज्या समाजात जात म्हणजेच धंदा, तेथे चांभाराच्या किंवा सुताराच्या मुलाला 'शाळेत हस्तोद्योग शीक' म्हणणे याचा अर्थ काय होतो? ज्या कामातून सुटण्यासाठी आईबापांनी मुलाला शाळेत धाडले, तेच काम शाळेत समोर येते. वरच्या थरातील मुले इंग्रजी हायस्कुलात आणि खेड्यातील मुले चरख्यावर, अशी विभागणी पालकांना दिसत होती. त्यांनी पाठ फिरवली, यात नवल नाही.

१२/ तिसरा टप्पा : कोठारी आयोग. १९६४ मध्ये स्थापना, १९६६ मध्ये अहवाल. आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. वरच्या प्राथमिक इयत्तांसाठी आयोगाने सुचवलेले विषय आज ओळखीचे वाटतील : दोन भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्रे, कला, कार्यानुभव व समाजसेवा, शारीरिक शिक्षण, नैतिक शिक्षण. आपल्या प्रगतिपुस्तकाचा साचा बव्हंशी येथला आहे.

१३/ 'कार्यानुभव' हा शब्द तेथूनच शाळेत रुजला. आयोगाला अभिप्रेत होते शेतात, कार्यशाळेत, कारखान्यात प्रत्यक्ष उत्पादक काम. सर्वांच्या मुलांसाठी, केवळ गरिबांच्या नव्हे. महाराष्ट्राने १९७२ पासून नवा आकृतिबंध आठवीपासून लागू केला आणि १९७५ मध्ये दहावीची पहिली तुकडी बाहेर पडली. गणित व विज्ञान सर्वांना आले, ही फार मोठी कमाई. कार्यानुभवाचे काय झाले? कागदी फुले, शुभेच्छापत्रे, खडूचे साचे. आणि परीक्षा जवळ आली की तो तास गणिताच्या सरांना. आपल्यापैकी अनेकांनी हे अनुभवले आहे.

१४/ याच वर्षांत पुण्याच्या वायव्येस काय घडत होते ते पाहा. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये स्थापन झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले. आकुर्डीत बजाज, पिंपरी-चिंचवडला टेल्को. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका. ज्वारी-बाजरीच्या शिवारात टर्नर, फिटर, वेल्डर हे शब्द घरोघरी पोहोचले. पुढे तीच लाट चाकणला गेली : बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज.

१५/ म्हणजे देशातील मोठ्या यंत्रोद्योग पट्ट्यांपैकी एक उभा राहत होता आणि त्याच्या कुंपणालगतच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला कागदी फुले होत होती. कारखान्यांनी आपली सोय आपण केली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने उद्योगांवर उमेदवारांना प्रशिक्षण देण्याची जबाबदारी टाकली. आयटीआयच्या वेल्डरसारख्या काही व्यवसायांना आठवी उत्तीर्ण मुलास प्रवेश मिळे. पण ही वाट शाळा संपल्यावर, किंवा शाळा सुटल्यावर, सुरू होणारी होती. 'अभ्यासात गती नाही, मग आयटीआयला घाला' हे वाक्य त्यातूनच जन्मले. हाताचे शिक्षण ही नापासांची सोय ठरली.

१६/ आता चाकणहून पूर्वेला, शिरूर तालुक्यातील पाबळला जाऊ. इतिहासप्रेमींना हे गाव मस्तानीच्या समाधीमुळे ठाऊक असते. अवर्षणप्रवण मुलूख. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग तेथे राहायला आले. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाची अन्नतंत्रज्ञानातील डॉक्टरेट, हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधन. ते सारे मागे ठेवून त्यांनी माळावर 'विज्ञान आश्रम' सुरू केला. तो ज्या भारतीय शिक्षण संस्थेचे केंद्र म्हणून सुरू झाला, तिचे संस्थापक होते जे. पी. नाईक. कोठारी अहवालात राहून गेलेले काम असे पाबळच्या माळावर पोहोचले.

१७/ कलबागांनी गावच्या हायस्कुलात आठवी ते दहावीसाठी एक विषय घडवला : 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख', म्हणजेच आयबीटी. आठवड्यातून एक दिवस काम. उरलेले दिवस नेहमीचे विषय. चार विभाग : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, शेती व पशुपालन. प्रत्येक मुलाने, आणि प्रत्येक मुलीनेही, चारही विभागांतून जायचे. मुलींनी वेल्डिंग करायचे, मुलांनी स्वयंपाकघरातले शास्त्र शिकायचे. राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने या विषयाला मान्यता दिली.

१८/ शिकवणारे कोण? फुल्यांनी मागितलेला मास्तर येथे सापडतो. शिकवणाऱ्यांत हाताने काम येणारे स्थानिक कारागीर आणि आश्रमातच तयार झालेले तरुण होते. आणि काम खोटे नव्हते. विद्यार्थी गावाला लागणाऱ्या सेवा देत व त्याचे मोल घेत. वस्तू बिघडली तर गिऱ्हाईक परत येणार, ही परीक्षा कोणत्याही लेखी परीक्षेहून कडक असते.

१९/ एक उदाहरण घ्या. शाळेच्या आवारात शोषखड्डा करायचा आहे. घनफळ काढल्याशिवाय किती खणायचे ते कळत नाही : गणित. पाणी का झिरपते, दगड-विटांचे थर कशासाठी : विज्ञान. आपल्या गावात मुरूम किती खोल, काळी माती किती : भूगोल. साचलेले पाणी आणि डास : आरोग्य. खर्चाचा तक्ता : व्यवहार. आणि शेवटी झालेल्या कामाची नोंद स्वच्छ मराठीत : भाषा. आयबीटीत आराखडा काढणे आणि खर्च मांडणे हे कामाचेच भाग होते. विषयांचा मेळ अशा कामात आपोआप बसतो. त्यासाठी वेगळे पुस्तक लागत नाही.

२०/ वर्धा आणि पाबळ यांतला फरक येथे स्पष्ट होतो. वर्ध्यात एकच हस्तोद्योग, दिवसाचा अर्ध्याहून अधिक वेळ. पाबळात अनेक कामे, आठवड्याचा एक दिवस. वर्ध्याची योजना मुलाला एका धंद्याशी बांधील, ही भीती होती. पाबळचा मुलगा पाइप जोडतो, मातीपरीक्षण करतो, हिमोग्लोबिन तपासतो, पण सुतार किंवा वायरमन होण्यास बांधील नसतो. त्याचे गणित आणि इतिहासही सुटत नाही. फुल्यांच्या यादीतही असेच होते : शेती आणि व्याकरण शेजारी शेजारी.

२१/ कलबाग २००३ मध्ये गेले. त्याआधीच पाबळला फॅब लॅब आली होती. अमेरिकेतील एमआयटीबाहेर सुरू झालेल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ती एक. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवी हा स्वतंत्र 'मध्य टप्पा' मानला आहे. त्यात सुतारकाम, विद्युतकाम, धातुकाम, बागकाम, कुंभारकाम यांची ओळख आणि स्थानिक कारागिरांकडे दहा दिवस दप्तराविना शिकणे सुचवले आहे. यादी पुन्हा एकदा चांगली आहे.

२२/ म्हणून प्रश्नही पुन्हा तोच. भोसरीत, चिंचवडला, चाकणला हजारो कुशल हात आहेत. निवृत्त टूलमेकर आहेत, वेल्डर आहेत, ज्यांची जमीन कारखान्यात गेली पण शेतीचे ज्ञान गेले नाही असे आजोबा आहेत. त्यांना शाळेत 'गुरुजी' म्हणून उभे करायची आपली तयारी आहे का? की ते दहा दिवसही प्रकल्पवहीतील चिकटवलेल्या चित्रांत संपणार? आणि महागड्या शाळेतील मुलाच्या हातीही पान्हा येणार का? तो केवळ महानगरपालिकेच्या शाळेतच आला, तर ती जुनीच विभागणी नव्या नावाने परत येईल.

२३/ शेवटी आपल्या, म्हणजे इतिहास वाचणाऱ्यांच्या विषयाकडे. चाकणचा संग्रामदुर्ग १६६० च्या पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळा यांनी शायिस्तेखानाविरुद्ध सुमारे दोन महिने लढवला. अखेर मोगलांनी सुरुंगाने बुरूज उडवला. पाठ्यपुस्तकात याला एखादा परिच्छेद मिळतो. पण भुईकोटाभोवती खंदक का लागतो, तो किती रुंद हवा, भर पावसात सुरुंगाची दारू कोरडी कशी ठेवली असेल, हे प्रश्न तेरा वर्षांच्या मुलाने उरलेल्या तटाशी उभे राहून, हातात मोजपट्टी घेऊन विचारले, तर इतिहास, भूमिती आणि रसायनशास्त्र यांच्या भिंती त्या बुरुजासारख्याच कोसळतील. इतिहासालाही हात लागतात.

२४/ १८८२ च्या त्या निवेदनाला उत्तर देणे अजून बाकी आहे. आपल्या घरात कोणी 'फायनल' झालेले, आयबीटी शिकलेले किंवा आठवीनंतर थेट कारखान्यात गेलेले असेल, तर त्यांना एक प्रश्न अवश्य विचारा : शाळेत शिकलेले काय आयुष्यभर उपयोगी पडले आणि काय शिकायचे राहून गेले? उत्तरे खाली लिहा. अभ्यासक्रमाचा इतिहास अहवालांत अर्धाच असतो. उरलेला या माणसांकडे आहे.

(समाप्त)