सतरा रुग्णांचा धडा

१९६३ साली श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, वर्षभरात हिवतापाचे फक्त १७ रुग्ण सापडले. त्यांपैकी ११ जण परदेशातून आजार घेऊन आलेले. देशातच लागण झालेले अवघे ६! आणि १९६८-६९ मध्ये त्याच देशात पाच लाखांहून अधिक लोक हिवतापाने आजारी पडले. मधल्या काळात असे काय घडले?

आधी डासाची ओळख करून घेऊ. तेथील मुख्य वाहक ॲनॉफिलिस क्युलिसिफेसीस. आपल्या ग्रामीण भागातही तोच प्रमुख आहे. त्याच्या अळ्या स्वच्छ, संथ पाण्यात वाढतात. नद्या भरून वाहत असल्या की त्या वाहून जातात. पाऊस ओढ देतो तेव्हा मात्र पात्रात डबकी उरतात आणि डासांचे फावते. १९३४ मध्ये श्रीलंकेच्या नैऋत्येकडील भरपूर पावसाच्या प्रदेशात हेच झाले. तेथे एरवी हिवताप कमी, त्यामुळे लोकांत प्रतिकारशक्तीही कमी. १९३४-३५ च्या साथीत सुमारे ८०,००० माणसे दगावली. ‘पाऊस जास्त तर हिवताप जास्त’ हा आपला समज सगळीकडे लागू पडत नाही, तो असा.

१९४६ पासून घराघरांत डीडीटीची फवारणी सुरू झाली. रक्त पिऊन जड झालेली मादी भिंतीवर टेकते. तिच्या शरीरात परजीवीची वाढ पूर्ण व्हायला साधारण दहा-बारा दिवस लागतात. त्याआधीच ती मेली तर साखळी तुटते. या साध्या तत्त्वावर रुग्णसंख्या १७ पर्यंत खाली आली.

मग फवारणी थांबली. योजनेप्रमाणे ते ठीकच होते. पण त्यानंतर प्रत्येक तापकऱ्याचे रक्त तपासत राहणे आवश्यक होते आणि तेथे ढिलाई झाली. त्यातच पावसाने दगा दिला. रत्नांच्या शोधात खणलेल्या खड्ड्यांत पाणी साठले, आणि कामासाठी येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांबरोबर परजीवी गावोगाव पोचला. पुन्हा डीडीटी फवारले, तर डास त्याला दाद देईनात. १९७० च्या दशकात मॅलॅथिऑनकडे वळावे लागले.

पुढची वाट लांबची होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हिवताप नियंत्रणाचा कारभार प्रांतांकडे गेला. तांत्रिक मार्गदर्शन कोलंबोतून, पण अंमलबजावणी प्रादेशिक हिवताप अधिकाऱ्यांची. कोठे कोणता डास आहे, तो कोणत्या कीटकनाशकाला जुमानत नाही, हे त्या त्या भागात तपासून फवारणी ठरू लागली. फिरती चिकित्सालये दुर्गम वस्त्यांत पोचली. यश लगेच आले नाही. १९९९ मध्ये २ लाख ६४ हजारांहून अधिक रुग्ण होते. उत्तर व पूर्व भागांत यादवी युद्ध चालू असतानाही फवारणी व मच्छरदाण्यांचे वाटप चालू ठेवले गेले. २००८ पर्यंत रुग्ण हजाराच्या आत आले. देशातच लागण झालेला शेवटचा रुग्ण ऑक्टोबर २०१२ मध्ये सापडला, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंका हिवतापमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात मन्नार बेटावर विहिरींत ॲनॉफिलिस स्टिफेन्सी हा नवा डास सापडला. मुंबईच्या गच्चीवरील टाक्यांत वाढणारा तो हाच. तो सापडला, कारण रुग्ण नसतानाही कोणीतरी पाण्यात अळ्या शोधत होते. १९६३ नंतर नेमकी हीच नजर कमी पडली होती, असे आम्हाला वाटते. रोग दिसेनासा झाला की त्यावरचा खर्च आणि माणसे अनावश्यक वाटू लागतात. पण रोग दिसत नाही, तो त्या माणसांमुळेच.

विद्यार्थ्यांना १९६३, १९६९, १९९९ आणि २०१६ या चार वर्षांचा आलेख काढायला सांगावा. १७ आणि शून्य हे दोन बिंदू जवळजवळ एकाच जागी येतील. मग विचारावे : या दोन बिंदूंत फरक कोणता, आणि तो आलेखात का दिसत नाही?