बसायला जागा

संध्याकाळी पाच ते आठच्या दरम्यान चेंबूरच्या डायमंड गार्डनच्या आसपास किंवा घाटकोपरच्या मॉलमध्ये डोकावले, तर एका टेबलाभोवती चार-पाच जणांचा गट हमखास दिसतो. त्यात मुली असतात, ऑफिसची ओळखपत्रे गळ्यात तशीच असतात, एका ग्लासावर दुसरा फुकट असतो आणि आठच्या सुमारास लोकलची गर्दी ओसरली की मंडळी उठतात. ‘हॅपी अवर्स’ हे नाव परके, म्हणून ही रीतही परकी आणि मॉलबरोबर आलेली, असे सहज म्हटले जाते. ते मला पटत नाही. दिवस मावळताना मित्रांसोबत खायला-प्यायला बसणे या भागात फार जुने आहे. बदलत गेली ती बसण्याची जागा, आणि ती प्रत्येक वेळी कायद्याने बदलली. सरकारने दारूचा हिशेब नीट ठेवला. पण माणसे कुठे, कोणासोबत आणि किती वेळ बसणार याचा विचार एकाही कायद्याने केला नाही. त्या बेफिकिरीची किंमत उपनगरातल्या माणसांनी, त्यातही बायकांनी आणि गरिबांनी मोजली. हे तपासायला ट्रॉम्बेसारखे दुसरे ठिकाण नाही, कारण या इतिहासाचे सगळे थर तिथे एकावर एक बसले आहेत.

ट्रॉम्बे हे साष्टीच्या आग्नेयेचे जुने बेट. एका अंगाला माहुलची खाडी, दुसऱ्या अंगाला ठाण्याची, मध्ये डोंगर, पायथ्याला कोळी, आगरी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्ती. पोर्तुगीज, मराठे, इंग्रज अशा राजवटी बदलल्या तरी साष्टी-वसईच्या पट्ट्यातले पेय ताडामाडाचेच राहिले. ताडी-माडी उतरवणे हा भंडाऱ्यांचा पिढीजात धंदा होता. या पेयाचा एक गुण त्याच्या रीतीभातींना आकार देणारा होता. ताडी सकाळी झाडावरून उतरली की लगेच आंबू लागते, संध्याकाळपर्यंत चढते आणि दुसऱ्या दिवशी आंबटढोण होऊन जाते. ती साठवता येत नाही, लांबही नेता येत नाही. म्हणून झाड जिथे तिथेच पिणे, आणि पिणारे सगळे एकमेकांच्या ओळखीचे. सोबत सुकट, भाजलेला बोंबील, असेल ते. कोळ्यांच्या हळदीत बायकाही प्यायल्या तर कोणाच्या भुवया उंचावत नसत. ईस्ट इंडियन लग्नघरात मसाला घालून केलेले खिमाड थोरामोठ्यांच्या हातात असे. या पिण्यात भांडणे नव्हती किंवा कोणी कर्जात बुडत नव्हते असे मी म्हणत नाही. पण त्यावर गावाची नजर होती, कारण ते गावाच्या उजेडात चालत होते.

1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने ही घडी मोडली. छेद दिलेल्या प्रत्येक झाडावर कर आला, गावोगावच्या लहान भट्ट्या बंद झाल्या, दारू गाळण्याचे काम उरणच्या मोठ्या भट्ट्यांत एकवटले आणि विक्री मक्तेदारांच्या हाती गेली. पुढे 1892 मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही बंधने आली. सरकारचे गणित समजण्यासारखे आहे. ताडीवर कर बसवायचा तर झाडे मोजत हिंडावे लागते. गाळलेली दारू मात्र पिंपात टिकते, गोदामात मोजता येते, बैलगाडीने आणि मचव्याने कुठेही नेता येते. महसुलाच्या सोयीसाठी सौम्य पेय महाग झाले आणि कडक पेय सोयीचे झाले. झाडाखालची बैठक मोडली आणि तिच्या जागी मक्तेदाराचा गुत्ता आला. तिथला विकणारा गावचा नव्हता, आणि पिणाऱ्याचे घर बुडाले तर त्याचे काही बिघडत नव्हते.

बाहेर जाऊन चारचौघांत जेवण्याचा इतिहास याला समांतर आहे, पण त्यातला अडसर जातीचा होता. सोबत खाण्यावर रोटीबंदी होती आणि हॉटेलात वेगळी कपबशी होती. कोल्हापुरात दलित समाजातल्या गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले, तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेऊ लागले. रत्नागिरीत सावरकरांनी 1933 मध्ये सर्व जातींसाठी उपाहारगृह काढले. एका कप चहासाठी छत्रपतींना गाडी थांबवावी लागत होती, यावरून प्रश्न किती खोल होता ते कळते. भारताच्या राज्यघटनेच्या कलम 15 मध्ये सार्वजनिक उपाहारगृहांचा नाव घेऊन उल्लेख आहे तो याचमुळे. मित्रांबरोबर हॉटेलात जाणे ही आज चैन वाटते, पण या देशात ती आधी हक्क म्हणून मिळवावी लागली. मुंबईने हा अडसर काहीसा लवकर ढिला केला. इराण्याच्या हॉटेलात पैसे देणाऱ्याची जात पाहिली जात नसे. गिरणगावातल्या खानावळी गावाकडून एकट्या आलेल्या कामगारांना जेवू घालत. माटुंग्यात 1942 मध्ये रामा नायक यांचे उडुपी बोर्डिंग सुरू झाले. फाळणीनंतर चेंबूर कॅम्पात सिंधी कुटुंबे आली, दक्षिणेतली नोकरदार मंडळी स्थिरावली, आणि ट्रॉम्बेच्या दाराशी असलेले चेंबूर खाण्याच्या बाबतीत बहुभाषक झाले.

नेमक्या याच काळात दारूबंदी आली. 1 ऑगस्ट 1939 रोजी खेर मंत्रिमंडळातले डॉ. गिल्डर यांनी मुंबई शहरात तिचा पहिला प्रयोग केला. मंत्रिमंडळ गेले आणि प्रयोग विस्कटला. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि 1950 मध्ये बंदी राज्यभर लागू झाली. पुढच्या पाच-सहा वर्षांत ट्रॉम्बेत दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, अणुऊर्जा केंद्राची पायाभरणी झाली आणि 1956 मध्ये ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. देशाच्या कानाकोपऱ्यातून हजारो तरुण, बहुतेक एकटे पुरुष, या खाडीकाठी कामाला आले. हातात पगार होता, पाळ्यांची नोकरी होती आणि संध्याकाळी बसायला कायदेशीर जागा नव्हती. ती उणीव खाडीने भरून काढली. मुंबईभोवतीच्या खाड्यांतल्या तिवरांच्या आडोशाने काळा गूळ आणि नवसागर घालून हातभट्ट्या पेटल्या, आणि चाळीतल्या, कोळीवाड्यातल्या, ख्रिस्ती वस्तीतल्या खोल्यांत ‘आंटीचे अड्डे’ सुरू झाले. बाहेर पोरगा पहारा देणार, आत दोन बाकडी, उकडलेली अंडी, चणे आणि नवटाक. अनेक ठिकाणी अड्डा चालवणारी विधवा असे, नाहीतर नवऱ्याने टाकलेली. दुसरा धंदा तिच्या आवाक्यात नव्हता. तिला गुन्हेगार ठरवणाऱ्या कायद्याने तिच्या मालाचा घाऊक व्यापार मात्र टोळ्यांच्या हाती सोपवला. अँटॉप हिल, सायन कोळीवाडा, धारावी या पट्ट्यात वरदराजन मुदलियारचे साम्राज्य उभे राहिले ते याच हातभट्टीवर.

बंदीने लोकांचे पिणे थांबवले नाही, ही टीका हजारदा झाली आहे. मला तिच्याइतकाच दुसरा परिणाम महत्त्वाचा वाटतो. बंदीने पिण्याची तऱ्हा बदलली. धाड पडेल या धास्तीने पिणारा घटाघट पिणार, कमी जागेत लपवता येते म्हणून माल कडक असणार, आणि जेवायला तिथे कोणी थांबणार नाही. ताडाखाली दोन तास रेंगाळणारी बैठक दहा मिनिटांवर आली. गावाची नजर गेली, तिच्या जागी हवालदाराची आली. बायका त्या बैठकीतून पूर्ण बाहेर पडल्या. विकणारी बाई उरली, बसणारी गेली.

साठच्या दशकात बंदी सैल होत गेली आणि 1973 मध्ये देशी दारूच्या विक्रीचे नियम झाले. पण मूळ कायदा रद्द झाला नाही. दारू ही परवाना असलेल्यालाच, हे तत्त्व कायम राहिले आणि त्यातूनच मुंबईची परमिट रूम घडली. परवानाधारकांनाच आत घ्यायचे, म्हणजे हॉटेलातली खोली वेगळी हवी, तिला दार हवे, आणि रस्त्यावरून काही दिसू नये हे बरे. काळ्या काचा, मंद लाल दिवे, उंच पाठीच्या बाकांचे कप्पे ही सारी सजावट कोणाच्या आवडीतून आलेली नाही. ती कायद्याच्या पोटातून आली. तुळुनाडूतून आलेल्या शेट्टी मंडळींनी उडुपी हॉटेलांच्या जोडीला हा धंदा उभारला. त्यांचे श्रेय मोठे आहे: अड्ड्यावर नसलेली खुर्ची, पंखा, स्वच्छ ग्लास आणि गरम जेवण त्यांनी कामगाराला परवडेल अशा दरात दिले. सायन-ट्रॉम्बे रस्त्याच्या आजूबाजूला रिफायनरीतला, खत कारखान्यातला, टाटा वीज केंद्रातला माणूस पाळी संपवून तिथे निवांत बसू लागला. पण बाईसाठी तिथे जागा नव्हती. असलीच तर वरच्या मजल्यावर ‘फॅमिली रूम’, म्हणजे नवरा सोबत असेल तर. 2005 मध्ये डान्स बारवर बंदी आली तेव्हा नाचणाऱ्या बायकांच्या नीतीची चर्चा खूप झाली. मैत्रिणींनी मिळून संध्याकाळी बसायचे कुठे, हा प्रश्न तेव्हाही कोणी विचारला नाही.

आता हॅपी अवर्सकडे येऊ. हे नाव अमेरिकी नौदलातले; 1914 च्या सुमारास ‘अर्कान्सा’ या युद्धनौकेवर खलाशांच्या करमणुकीच्या वेळेला ते दिलेले होते, आणि स्वस्त दारूशी त्याचे नाते बरेच नंतर जुळले. मुंबईत ही रीत रुजली याची कारणे मात्र इथलीच आहेत. परवान्याचे शुल्क लाखांत आणि वर्षभराचे आगाऊ, जागेचे भाडे आभाळाला भिडलेले, आणि गिऱ्हाईक येणार रात्री नऊनंतर. दुपार ते संध्याकाळ रिकामी टेबले भरायची तर दर उतरवणे भाग होते. दुसरीकडे, सहाला सुटलेल्या नोकरदाराला गर्दीच्या लोकलमध्ये लटकण्यापेक्षा दोन तास कुठेतरी काढणे हवे होते. दोन्ही गरजा जुळल्या. यातली नवी गोष्ट काच आहे. या जागांना पारदर्शक काचा आहेत, उजेड आहे, भरपूर खाणे आहे, आणि तिथे बाई कोणाची बायको म्हणून येत नाही, मैत्रीण किंवा सहकारी म्हणून येते. ताडाखालच्या बैठकीत जे होते आणि 1878 नंतर हरवले, त्यातले बरेच काही इथे परत आले आहे, हे नाव परके असले तरी मान्य करायला हवे.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. दारूने किती घरे बुडाली हे विसरून बसण्याच्या जागेचे कौतुक कसले? महात्मा फुल्यांनी 1880 मध्ये पुणे नगरपालिकेला पत्र लिहून वाढत्या गुत्त्यांना विरोध केला होता. गडचिरोलीतली बंदी लोकांनी मागितलेली होती. हे सारे खरे आहे, आणि स्वस्तात दोन ग्लास मिळाले की माणूस जास्त पितो हेही खरे. मॅसॅच्युसेट्सने 1984 मध्ये आणि आयर्लंडने 2003 मध्ये हॅपी अवर्सना बंदी केली ती याच कारणाने, आणि आपल्याकडे त्याचा विचार झाला तर मी विरोध करणार नाही. पण फुल्यांचा रोख पाहा. ते बोलत होते सरकारी महसुलासाठी वस्तीत पेरल्या जाणाऱ्या गुत्त्यांविषयी. जागेचा विचार करा, असेच ते सांगत होते. आणि चोरून चालणाऱ्या विक्रीचे काय होते ते 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत दिसले. विषारी दारूने तिथे शंभराहून अधिक माणसे दगावली. ते सगळे गरीब वस्तीतले होते, आणि जिथे त्यांनी ती दारू घेतली तिथे कसलीही देखरेख नव्हती.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो: हे सगळे पगारदारांचे लाड आहेत. 1976 मध्ये अणुऊर्जा केंद्रालगतची जनता कॉलनी हटवून तिथल्या हजारो कुटुंबांना ट्रॉम्बेच्या चिता कॅम्पमध्ये आणून टाकले. तिथल्या बिगारी कामगाराला हॅपी अवर्स कुठले? त्याच्या वाट्याला देशी दारूचे दुकान येते, तिथे बसून जेवायची सोय नसते आणि बायको-मित्रांना घेऊन जावे अशी ती जागाही नसते. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, कारण माझे म्हणणे त्याने अधिक पक्के होते. उजेड, खुर्ची, जेवण आणि सोबत ही चैन ठरवली गेली आणि पैसेवाल्यांना विकली गेली. गरिबाला कायद्याने फक्त बाटली दिली.

14 जुलै 2025 रोजी करवाढीच्या विरोधात राज्यभरातल्या परमिट रूमनी बंद पाळला. मूल्यवर्धित कर, परवाना शुल्क, उत्पादन शुल्क या तिन्हींवर भांडण झाले. दोन्ही बाजू पुन्हा दारूचाच हिशेब करीत होत्या. 1949 चा कायदा अजून लागू आहे, आणि कागदोपत्री आजही विदेशी दारूचा एक ग्लास घेणाऱ्याला पाच रुपयांचा एक दिवसाचा परवाना लागतो. दुकान बंद करायचे की नाही, यावर प्रभागातल्या बायकांना मतदानाचा अधिकार 2008 च्या नियमाने मिळाला आहे. तो या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा नियम आहे, कारण जागेविषयी शेजाऱ्यांना विचारणारा तो एकमेव आहे. कायदा बदलण्याची वेळ येईल तेव्हा त्याच वाटेने पुढे जावे: परवाना देताना जागेत उजेड आहे का, जेवण मिळते का, बाई एकटी येऊन बसू शकते का, आणि चिता कॅम्पच्या माणसाला ती परवडते का, हे शासनाने आधी विचारावे आणि शुल्काचा आकडा त्यानंतर ठरवावा.