मराठीत 'कल्पना' एकटी नाही

सुरतेत लिंबायतच्या एका खानदेशी घरात परवा मुलीची इंग्रजी शब्दार्थांची वही चाळत बसलो होतो. इमॅजिनेशन म्हणजे कल्पना. फॅन्सी म्हणजे कल्पना. फँटसी म्हणजेही कल्पनाच. खाली इल्यूजन, डिल्यूजन, हॅल्युसिनेशन या तिघांना मिळून एकच भ्रम. वडील हसून म्हणाले, "बघा सर, त्यांच्याकडे सहा डबे, आपल्याकडे दोनच."

हे मत त्यांच्या एकट्याचं नाही. चांगले लिहितेवाचते लोकही हेच बोलतात, फक्त जड शब्दांत. इंग्रजीनं मनाच्या व्यापाराच्या छटा निवडून वेगळ्या केल्या, म्हणून तिकडे समीक्षा आणि मानसशास्त्र उभं राहिलं. मराठीनं सगळं एका पोत्यात कोंबलं, कारण आपला विचारच तेवढा बारीक नव्हता. असा हा पूर्वपक्ष आहे.

पहिली गोष्ट, वही इंग्रजीकडून मराठीकडे लिहिली आहे. ती उलटी फिरवा. मनोराज्य, मनोरथ, स्वप्नरंजन, शेखमहंमदी, थाप, चकवा, भास, आभास असे शब्द डावीकडे मांडा आणि समोर इंग्रजी लिहायला बसा. मनातले मांडे खाणारा स्वतःलाच फसवतो, लोणकढी थाप मारणारा दुसऱ्याला. आणि थाप 'लोणकढी' का, तर नुकत्याच कढवलेल्या तुपासारखी ताजी, जागच्या जागी बनवलेली. एवढा मजकूर एका इंग्रजी शब्दात बसवून दाखवावा. म्हणून इंग्रजी दरिद्री ठरते का? नाही. एका भाषेच्या मापानं दुसरीचं धान्य मोजलं की तूट दिसणारच.

दुसरी गोष्ट, इंग्रजीतला भेद जन्मजात नाही. फॅन्सी हे फँटसीचंच झिजलेलं रूप. फॅन्सी आणि इमॅजिनेशन हे शब्द कित्येक पिढ्या एकमेकांच्या जागी वापरले गेले. कोलरिजनं 1817 साली 'बायोग्राफिया लिटररिया'त त्यांची फारकत केली: आठवणीतल्या तयार, ठोकळेबाज वस्तू नव्यानं जुळवते ती फॅन्सी, वस्तू वितळवून त्यांतून नवं घडवते ती इमॅजिनेशन. भेद मार्मिक आहे. पण तो एका कवीनं भांडून मिळवलेला आहे, आणि बोलणाऱ्या इंग्रजांनी तो फारसा पाळलेलाही नाही.

सुरतेत रिंग रोडच्या कापडबाजारात मात्र तो नकळत पाळला जातो. तिथे 'फॅन्सी' म्हणजे खडे-टिकल्या लावलेली साडी. लिंबायतच्या घराघरांत बायका मांडीवर साडी पसरून, छापलेल्या नक्षीच्या ठिपक्यावर गोंदाचा थेंब ठेवतात आणि त्यावर खडा दाबतात. नक्षी दुसऱ्याची, खडे तयार, जुळणी फक्त हाताची. कोलरिजची फॅन्सी याहून वेगळी काय होती? गंमत अशी की संस्कृतात 'कल्पना' या शब्दाचा एक अर्थ हत्तीला झूल वगैरे घालून सजवणं असाही आहे. मूळ धातू क्लृप्, म्हणजे जुळवणं, योग्य करणं.

मग कोलरिजच्या इमॅजिनेशनची जागा कुणाची? प्रतिभेची. तिला नवनवं स्फुरणारी प्रज्ञा मानणारे काश्मीरचे आचार्य कोलरिजच्या आठ-नऊशे वर्षं आधीचे. शिवाय फँटसीचा ग्रीक पूर्वज 'फांतासिया' हा उजेड, दिसणं या अर्थाच्या कुळातला. आणि प्रतिभेतला संस्कृत 'भा' धातू, म्हणजे चमकणं, त्याच कुळातला. चुलत घराणी आहेत ही. वहीत त्यांची भेट झालीच नाही.

पण माझा खरा मुद्दा नामांचा नाहीच. मराठी हे काम क्रियापदांवर सोपवते. मी कल्पना केली, मी रचलं, यात कर्ता मी. मला सुचलं, मला भासलं, मला वाटलं, यात मी नुसता 'मला'पुरता. गोष्ट आपल्या पायांनी येते. रचणं आणि सुचणं यांतलं अंतर मराठी पोर चौथीच्या आत शिकतं, तेही व्याकरण न उघडता. पूर्वपक्षवाले शब्दकोशातली नामं मोजतात, म्हणून हे त्यांच्या हिशेबात येत नाही.

एक कबुली द्यायला हवी. साहित्यप्रकार म्हणून 'फँटसी' आपण उचलली आहे, आणि उचलावीच. 'अद्भुतरम्य' हा शब्द जुन्या कादंबऱ्यांना चिकटून बसला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या अरबी गोष्टींनी घरोघर पोचवलेला 'चमत्कारिक' आता विक्षिप्त माणसाला लागतो.

भ्रमाच्या डब्याबद्दल मात्र सुरतेनंच साक्ष द्यावी. 1844 साली इथे दुर्गाराम मेहताजींनी मानवधर्म सभा काढली, तेव्हा त्यांच्या सोबत होते दादोबा पांडुरंग तर्खडकर, 1836 साली मराठीचं व्याकरण छापणारे. भुतं उतरवणाऱ्या मांत्रिकांना या मंडळींनी उघड आव्हान दिलं. भूत खरं की मनाचा खेळ, हा वाद सुरतेत देशी भाषेत लढला गेला. फँटमला प्रतिशब्द मिळेपर्यंत कुणी थांबलं नाही.

मुलीच्या वडिलांची लूमवर बारा तासांची रात्रपाळी. निघता निघता त्यांना विचारलं, मशीनचा आवाज घरी आल्यावर जातो का? "कुठला जातो! निजलो तरी खटखट चालूच. भास होतो नुसता." आणि कुणी ती खरीच आहे म्हणून उठून मशीन बंद करायला निघाला तर? "मग त्याला भ्रम झाला म्हणायचं." आणि घराच्या पंख्याचा आवाज लूमसारखा वाटला तर? ते जरा थांबले. "तो आभास झाला, सर."

मुलीनं वही ओढून घेतली आणि रबर शोधू लागली.