कराची ते जुहू

मुंबई आणि कराची या दोन बंदरांतील सरळ अंतर नकाशावर सुमारे 550 मैल भरते; परंतु 1847 साली सिंध मुंबई इलाख्यास जोडला गेला तेव्हापासून पुढे कित्येक दशके दोन्हीकडचे अंमलदार हे अंतर टपालाच्या दिवसांनी आणि आषाढातल्या दर्याच्या मर्जीनेच मोजीत असत. मुंबईहून सुटलेला हुकूम कराचीच्या दफ्तरी दाखल होईपर्यंत त्याचे प्रयोजनच संपून जावे, असा प्रकार टळावा म्हणूनच की काय, गव्हर्नराचे अधिकार सिंधच्या कमिशनराकडे सोपविण्याची मुभा 1868 च्या कायद्याने देण्यात आली. माणसे मात्र जातच राहिली. मुंबईच्या शिक्षणखात्यातून सिंधमध्ये गेलेल्या नारायण जगन्नाथ वैद्यांचे नाव कराचीतील 1855 साली स्थापन झालेल्या विद्यालयास मिळाले. इकडे ते नाव आज फारच थोड्यांना ठाऊक असेल. पुढे आगगाडी आली, पण कच्छच्या रणापुढे तिचाही निरुपाय झाला, आणि मारवाडचा प्रचंड वळसा घालूनच ती गुजरातेत उतरू लागली.

1929 च्या वसंतात इंपीरियल एअरवेजने लंडन-कराची हवाई टपाल सुरू केले, आणि एक विलक्षण विसंगती उत्पन्न झाली: लंडनचे पत्र आठवडाभरात कराचीस पोहोचावे, आणि इलाख्याच्या राजधानीत येण्यास मात्र त्याने पुन्हा मारवाडची धूळ खावी. नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने हा दुवा विमानाने सांधण्याची योजना टाटांपुढे मांडली. करार झाला, पण सरकारी अनुदानाचा छदामही त्यात नव्हता.

15 ऑक्टोबर 1932 रोजी सकाळी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पस मॉथ जातीचे एकइंजिनी विमान उडविले. सोबत 55 पौंड टपाल होते, बिनतारी यंत्र नव्हते. वाटेत इंधनासाठी अहमदाबादेस उतरून दुपारी दोनच्या सुमारास ते जुहूस पोहोचले. तेथून व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासची वाट धरली. ज्या मजलीस जहाजाने वा आगगाडीने दिवस मोडत, ती सकाळच्या न्याहरीपासून दुपारच्या चहापर्यंतच्या अवधीत आटोपली. पावसाळ्याने मात्र येथेही आपला जुना हक्क सोडला नाही. जुहूचे मैदान म्हणजे समुद्रकाठची उघडी जमीन. पर्जन्यकाळी ती चिखलात बुडे, आणि या हवाई टपालाचे सारे बिऱ्हाड पुण्यास हलवावे लागे. तरीही पहिल्या वर्षात या विमानांनी 1,60,000 मैल तोडले आणि 60,000 रुपयांचा नफा दाखविला. अनुदान नाकारणाऱ्या मुत्सद्द्यांना हा हिशेब कसा वाटला असेल, याचे मला नेहमीच कुतूहल वाटत आले आहे.

दैवगती अशी, की अंतर काही तासांवर आल्यानंतर चार वर्षांच्या आतच, 1 एप्रिल 1936 रोजी, सिंध मुंबई इलाख्यातून वेगळा झाला. त्यानंतर फाळणी आली. 1965 च्या युद्धाने आगबोटींचे येणेजाणे तुटले, आणि अधूनमधून चालू-बंद होणारी थेट विमानसेवाही अखेर थांबली. आज मुंबईकरास कराचीस जावयाचे झालेच, तर व्हिसाची परवानगी हाती पडल्यावर तो बहुधा आधी दुबईस जातो आणि तेथून पुन्हा पूर्वेकडे वळतो. दीड तासाच्या वाटेसाठी जवळजवळ दोन हजार मैलांचा हा वळसा मारवाडच्या त्या आगगाडीलाही कधी घालावा लागला नव्हता.