आणीबाणीच्या नोटा

आपल्याकडील जुन्या व्यापारांत हुंडीला मोठा मान होता. कागद साधा, अक्षर वळणदार असो वा नसो. खालीं सही कोणाची आहे एवढें पाहून दूरच्या गांवची पेढी रक्कम मोजून देत असे. कागदाला स्वतःची अशी किंमत नसते. ती असते लिहून देणाराच्या पतीला. दुसऱ्या महायुद्धांत फिलिपाइन्स बेटांवर या साध्या तत्त्वाची मोठी कठोर परीक्षा झाली. त्या परीक्षेची साक्ष देणाऱ्या नोटा आज संग्राहक जिवापाड जपून ठेवतात.

१९४१ च्या डिसेंबरांत जपाननें या बेटांवर हल्ला केला, आणि १९४२ च्या २ जानेवारीस जपानी सैन्य मनिलेंत शिरलें. सरकारी खजिना त्यापूर्वींच कॉरेजिडोर या किल्लेवजा बेटावर हलविण्यांत आला होता. त्यांतील वीस टन सोनेंचांदी फेब्रुवारींत 'ट्राउट' नांवाच्या अमेरिकन पाणबुडीनें नेली. कागदी नोटांचे क्रमांक टिपून घेऊन त्या जाळण्यांत आल्या; आणि दीड कोटींहून अधिक चांदीचे पेसो जवळच्या खाडींत बुडविण्यांत आले. ६ मे रोजीं कॉरेजिडोर पडलें, तेव्हां शत्रूला रिकामी तिजोरी मिळाली.

परंतु दूरच्या प्रांतांत पैशांवांचून व्यवहार कसा चालावा? मनिलेशीं दळणवळण तुटलें होतें. होतीं तीं चांदीचीं नाणीं लोकांनीं पुरून ठेविलीं होतीं. शिपायाचा पगार, शिक्षकाचें वेतन, शेतकऱ्याच्या भाताचा मोबदला, सारेंच अडलें. हें संकट ओळखून राष्ट्राध्यक्ष केझॉन यांनीं डिसेंबरांतच प्रांतांना आणीबाणीच्या नोटा काढण्याची परवानगी दिली होती. सेबू, इलोइलो, नेग्रोस, बोहोल, मिंडानाओ अशा अनेक ठिकाणीं चलनमंडळें स्थापन झालीं. जपानी अंमल पसरल्यावर हींच मंडळें डोंगरांत व अरण्यांत गेलीं, आणि तेथील गनिमी सैन्याच्या आश्रयानें नोटा छापूं लागलीं.

चांगला कागद कोठून मिळणार? बांधणावळीचा कागद, शाळेच्या वह्यांचा रेघी कागद, हातास येईल तो घेण्यांत आला. ठसे कित्येकदां लांकडाचे, शाई फिकी, छपाई वांकडी. परंतु प्रत्येक नोटेवर क्रमांक असे आणि मंडळाच्या सभासदांच्या सह्या असत. कुलियन या बेटावरील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीनेंसुद्धां १९४२ सालीं आपल्या नोटा काढल्या.

दुसरीकडे जपानी सरकारनें व्यवस्थित छापलेल्या, सुबक दिसणाऱ्या नोटांचा वर्षाव केला. मलायासाठीं डॉलर, ब्रह्मदेशासाठीं रुपया आणि फिलिपाइन्ससाठीं पेसो, असे तिचे निरनिराळे प्रकार होते. या नोटांमागें सोनें नव्हतें, चांदी नव्हती. होती ती केवळ संगीन. लोक त्यांना 'मिकी माऊस पैसा' म्हणून हिणवीत. पुढें पुढें भाव इतके चढले, कीं बाजाराला जातांना नोटा पिशव्यांत भरून न्याव्या लागत आणि आणलेला जिन्नस खिशांत मावत असे. अखेरीस हजार पेसोंचीही नोट निघाली.

गनिमी नोटा जवळ बाळगणें हा मात्र जपान्यांच्या दृष्टीनें गुन्हा होता, आणि त्यापायीं कित्येकांचे हाल झाले, कित्येकांचे प्राणही गेले. तरीही लोकांनीं त्या लपवून ठेविल्या. सुबक नोट खुल्या हातानें घेणें सुरक्षित, आणि ओबडधोबड नोट जवळ ठेवणें जिवावरचें. तरी विश्वास होता तो दुसरीवरच. आपलें सरकार परत येईल, आणि आलें म्हणजे शब्दाला जागेल, एवढाच त्या विश्वासाचा आधार होता.

१९४४ च्या ऑक्टोबरांत अमेरिकन सैन्य लेटे बेटावर उतरलें. जपानी नोटा चलनांतून बाद झाल्या. आणीबाणीच्या नोटांची नोंद व तपासणी करण्यांत आली, आणि अधिकृत ठरलेल्या नोटांची पुढें सरकारनें परतफेड केली. सर्वांनाच न्याय मिळाला असें नव्हे. कांहीं नोटा नामंजूर झाल्या आणि धारकांच्या हातीं केवळ आठवण उरली. तथापि शब्द अगदींच वाऱ्यावर गेला नाहीं.

जपानी नोटांचे धारकही स्वस्थ बसले नाहींत. १९५३ सालीं त्यांची एक संघटना झाली, आणि तिनें लोकांच्या नोटांवर रबरी शिक्के मारून त्या गोळा केल्या. युद्धकाळांत अमेरिकेनेंही तशाच बनावट नोटा छापल्या होत्या, तेव्हां भरपाई तिनेंच द्यावी, असा दावा गुदरण्यांत आला. १९६७ सालीं अमेरिकेच्या दाव्यांच्या न्यायालयानें मुदत टळल्याच्या कारणावरून तो फेटाळला. त्या शिक्क्याची नोट आज स्वस्तांत मिळते. तिच्यावर एका निष्फळ आशेचा ठसा आहे.

या नोटांचा संग्रह करणाऱ्यानें म्हणूनच केवळ कोरेपणा पाहूं नये. प्रथम कागद पाहावा, मग क्रमांक, मग सह्या. तत्कालीन बनावट नोटाही बऱ्याच आहेत. घडीची खूण व मातीचा डाग यांस दोष समजून नोट धुणें किंवा तिला इस्त्री करणें म्हणजे साक्षीदाराचें तोंड बंद करणें होय. ती घडी कोणाच्या तरी कनवटीला पडली असेल. तो डाग कोणाच्या तरी अंगणांतील मातीचा असेल.

राजसत्ता नोट छापूं शकते, ती घेण्याची सक्तीही करूं शकते. परंतु पत कांहीं तिला छापतां येत नाहीं. वहीच्या पानावरील त्या वांकड्या अक्षरांनीं हेंच सिद्ध केलें आहे.